पाळण्याला जामीन

“जामीनदार आणा,” मुतालिक वकील म्हणाले, आणि आईनं कोर्टाच्या व्हरांड्यातच तोंडाला पदर लावला.

“अगं बया! आता कुनाला धरलं?”

“कुणालाही धरलेलं नाही, वहिनी. उलट आनंदाची बातमी आहे. साहेबांनी अर्ज मंजूर केलाय. शिवरामच्या सगळ्या मालमत्तेची व्यवस्था बघायचा अधिकार शालनला दिलाय. फक्त जामीनकतबा द्यायचा राहिलाय.”

मी तिथल्या तिथं उडीच मारली. मंजूर! एवढा एकच शब्द माझ्या कानात शिरला. पुढचं जामीन का काय ते मी ऐकलंच नाही. माझ्या डोळ्यांपुढं पाळणा फिरायला लागला होता.

आकाशपाळणा हो. माझे आबा, शिवराम घाडगे, सगळं आयुष्य जत्रा-यात्रांत पाळणा लावत हिंडले. मी लहानपणापासून त्यांच्याबरोबर. तिकिटं फाडली, आसाला ग्रीस लावलं, डिझेल इंजिनाला दांडा मारला. माझे हात बघून दोन स्थळं परत गेली होती, तरी आबा म्हणायचे, “जाऊ दे. ज्याला हात चालत न्हाईत त्याला पोरगी कशाला द्यायची?” जुना पाळणा खिळखिळा झाला तेव्हा त्यांनी तो मोडीत दिला आणि शहरातल्या एका कारखान्यात नवा करायला टाकला. बारा डब्यांचा, पिवळा आणि निळा. पैसे देऊन झाले, पाळणा रंगून तयार झाला, आणि आणायला जायच्या आधीच आबा गेले. छातीत कळ आली म्हणाले, आणि बसल्या जागी संपलं सगळं.

कारखानदार माणूस भला, पण पक्का. मला म्हणाला, “पोरी, पाळणा तुमचाच आहे, पण देऊ कुणाच्या हातात? परवा तुझा चुलता येऊन गेला. घरचा कर्ता मी, माझ्याकडं द्या म्हणाला. उद्या तुम्ही सगळे माझ्या दारात भांडाल. कोर्टाचा कागद आण, आणि त्याच दिवशी पाळणा घेऊन जा.”

म्हणून हे कोर्ट. आईला लिहिता-वाचता येईना, धाकट्या भावाला, दिलीपला, पुण्याच्या कंपनीतून रजा मिळेना, तेव्हा दोघांची संमती जोडून अर्ज माझ्या नावानं केला. आणि इकडं भैरोबाची यात्रा तोंडावर आली होती. देवळामागची जागा आबांची ठरलेली. यात्रेआधी पाळणा उभा राहिला नाही, तर कमिटी ती जागा दुसऱ्याला देणार आणि एकदा गेलेली जागा परत मिळत नाही.

यात्रेनंतर काय, ते घरात ठरलेलंच होतं. पाळणा दिलीपच्या नावावर. तो विकून दिलीप पुण्यात फ्लॅटचे पैसे भरणार. मी हक्कसोडपत्रावर सही देणार. आमच्याकडची रीतच ती. बहिणीनं भावासाठी सही द्यायची, साडीचोळी घ्यायची आणि हसत हसत निघायचं. मला त्याचं काही वाटत नव्हतं, असं मी स्वतःला सांगत होते. मला एक यात्रा पाहिजे होती. आबांचा नवा पाळणा एकदा, फक्त एकदा, माझ्या हातानं फिरवायचा होता. मग न्या बाबांनो कुठं न्यायचा तिथं.

“शालन, इकडं लक्ष दे,” मुतालिक वकिलांनी माझ्या डोळ्यांपुढं चुटकी वाजवली. “कोर्ट तुझ्या हातात किल्ली देतंय. उद्या तू पाळणा विकलास, बँकेतली ठेव काढलीस आणि गेलीस पळून, तर आईनं आणि दिलीपनं कुणाला धरायचं?”

“मी कशाला पळू?”

“तू नाही पळणार. पण कोर्ट काय तुला ओळखतं? म्हणून तू लिहून द्यायचं की मी सगळं गोळा करीन, देणी भागवीन, हिशेब देईन आणि प्रत्येक वारसाचा वाटा त्याला पोचवीन. आणि तुझ्यामागं एकानं उभं राहायचं. हिनं तसं केलं नाही तर नुकसान मी भरून देतो, असं त्यानं लिहून द्यायचं. हाच जामीनकतबा. तुझ्यावर संशय नाही कुणाचा. मेलेल्या माणसाला स्वतः येऊन हिशेब विचारता येत नाही, म्हणून ही सोय.”

“एवढंच ना? गावात मिळतील की पन्नास जण!”

मुतालिक वकील हसले. त्या हसण्याचा अर्थ मला दुसऱ्या दिवशी कळला. “पन्नास नकोत, एक आण. पण त्याच्या एकट्याच्या नावावर जमीन किंवा घर पाहिजे. त्यावर कर्जाचा बोजा नको. ताजा सातबारा पाहिजे. आणि शुक्रवारी दुपारच्या आत. सोमवारपासून कोर्टाला उन्हाळ्याची सुट्टी लागते. शुक्रवार हुकला की पाळणा एकदम जूनमध्ये.”

ही गोष्ट बुधवारची.

गुरुवारी सकाळी मी पहिल्यांदा गेले सर्जेराव पाटलांकडं. गावातला मोठा माणूस. मिशीला पीळ, दारात ट्रॅक्टर, ओढ्यापासून डोंगरापर्यंत ऊस. आबांचे दोस्त. “अगं, शिवरामाच्या पोरीला न्हाई म्हनीन व्हय मी? चल आत्ता तलाठ्याकडं!” असं म्हणून ते पायात चपला सरकवूनच निघाले. वाटेत माझे चुलते, महिपतीकाका, भेटले. त्यांना कळल्यावर तेही बरोबर आले. “परक्याला कशाला तरास? जामीन घरचा पायजे. मी ऱ्हातो की! आनि जामीन मी म्हटल्यावर पाळना बी मीच चालवतो. पोरीच्या जातीला कशाला ते इंजान-बिंजान?”

मला ते पटलं नाही, पण गरज माझी होती. मी दोघांच्या मागून चालू लागले.

तलाठी नवा होता, कागदावर बोट ठेवून बोलणारा. त्यानं सर्जेराव पाटलांचा सातबारा काढला आणि बराच वेळ बघत बसला.

“हे रामजी सखाराम पाटील कोण?”

“आमचं आजं.”

“कुठं असतात?”

“असत्यात कुटं? मला मिसरूड फुटलं न्हवतं तवा गेले.”

“कागदावर अजून आहेत. जमीन त्यांच्या नावावर आहे. खाली सोसायटीचा बोजा, बँकेचा बोजा, पाइपलाइनचा बोजा. तुमचं नाव मला कुठं दिसत नाही.”

सर्जेराव पाटलांनी मिशीवरचा हात काढला. “अवं, सगळं रान मी कसतो!”

“तुम्ही कसता हो. कागदावर आजोबा कसतात.”

महिपतीकाका फिदीफिदी हसले. तलाठ्यानं मग त्यांचा उतारा काढला. त्यावर माझे आजोबा ठाण मांडून बसलेले होते, आणि काकांचं हसणं जागच्या जागी थांबलं.

त्या दिवशी मी गाव उभा-आडवा पालथा घातला. दूधवाले आनंदराव, निवृत्त गुरुजी, पिठाच्या गिरणीचा मालक. सगळे तयार, सगळे दिलदार, आणि सगळ्यांच्या उताऱ्यावर कुणीतरी मेलेलं माणूस. गुरुजींचं घर तर चार भावांत होतं आणि त्यातला एक गोव्याला जाऊन बेपत्ता. मला आधी हसू आलं, मग घाम फुटला. वारसाची नोंद कुणी केलीच नव्हती. का? तर नोंद करायची म्हटली की बहिणींचीही नावं लागतात. ती लागू नयेत म्हणून आमच्या अख्ख्या गावात पणजोबा-आजोबांनाच शेती करायला लावली होती. कुणाला त्यात काही वावगं वाटत नव्हतं, मलाही त्या दिवसापर्यंत वाटलं नव्हतं.

ऊन कलल्यावर मी परत तलाठ्याच्या पायरीवर येऊन बसले.

“साहेब, आख्ख्या गावात एकाच्या तरी नावावर स्वतःची जमीन आहे का हो?”

तलाठी कुलूप लावता लावता थांबला. “आहे की. एकच उतारा असा बघितला मी. एक नाव, बोजा नाही, वाद नाही. पण लोक म्हणतात तुमच्या घराचं त्यांच्याशी जमत नाही.”

मला नाव ऐकायची गरजच पडली नाही. अंजिराआत्या.

आबांची सख्खी मोठी बहीण. मी दहा वर्षांची असताना, अशीच यात्रा होती, आबा आणि महिपतीकाका तिच्यासाठी हिरवीगार साडी आणि हक्कसोडीचा कागद घेऊन गेले. आत्याच्या नवऱ्यानं दुसरं घर केलं होतं, ती एकटी माहेरच्या गावात येऊन राहिली होती. तिनं साडी घेतली, आत जाऊन नेसून आली, भावांना ओवाळलं, आणि म्हणाली, “साडी ब्येस हाय. सही न्हाई करायची.” मग कोर्ट झालं. तिला तिचा वाटा वेगळा काढून मिळाला, ओढ्याकाठचा तुकडा. आणि त्या दिवसापासून आमच्या घरानं, मग भावकीनं, मग गावानं तिच्याशी बोलणं टाकलं. लग्नाला बोलावणं नाही, बारशाला नाही. यात्रेत तर ती देवळाच्या अलीकडूनच परत फिरायची. भावांचा घास काढला म्हणायचे तिला. आबासुद्धा तिच्या बांधावरून गेले तर मान खाली घालून जायचे.

मी घरी सांगायलासुद्धा गेले नाही. सरळ ओढ्याकडं पळत सुटले.

आत्या मिरच्या तोडत होती. मला बघून तिनं कमरेवर हात ठेवले.

“कोन? शिवरामाची शालन न्हव? वाट चुकलीस व्हय गं?”

“नाही आत्या. तुझ्याकडंच आले.”

ती ‘आत्या’ म्हटल्यावर जरा दचकली. मग मिरच्यांची पाटी खाली ठेवून म्हणाली, “बस. तुझ्या बाला माती दिली तवा आले हुते मी. लांब हुभी हुते, बाभळीखाली. पानी पी आदी, तोंड बघ कसं झालंय.”

पाणी प्यायले आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. पाळणा, कारखाना, कोर्ट, शुक्रवार, गावभरचे मेलेले आजोबा. आजोबांचं ऐकून ती इतकी हसली, इतकी हसली की डोळे पुसायला पदर घ्यावा लागला. मला वाटलं, झालं! काम झालं माझं.

“म्हंजे मी लिहून द्यायचं, की ही पोर सगळ्यांचा वाटा सगळ्यांना दील. न्हाई दिला तर माजं रान जाईल.”

“हो. पण मी देणारच आहे गं!”

“आनि मग पाळना कुनाचा व्हनार?”

“दिलीपचा. मी सही देणार आहे त्याला.”

आत्याचं हसू गेलं. तिनं पाटी परत उचलली. “मग दुसरा जामीनदार बघ.”

“आत्या!”

“कागदात काय लिवलंय म्हनालीस? परत्येक वारसाला. तू वारस न्हाईस?”

“आहे, पण...”

“पन काय? ज्या बाईनं ह्या एका वाट्यापायी जलमाचं बोलनं गमावलं, तिनं तू तुजा वाटा सोडनार म्हनून जामीन ऱ्हायचं? लाज वाटू दे की वाईच.”

मी काकुळतीला आले. “आत्या, मला फक्त एक यात्रा पाहिजे. नंतरचं काही नको मला.”

“खोटं बोलू नगंस.” ती माझ्या हाताकडं बघत होती. ग्रीस नखांत इतकं मुरलेलं असतं की किती घासलं तरी जात नाही. “ह्ये हात येका यात्रंसाठी असं झाले का? खरं सांग. पायजे का न्हाई तुला पाळना?”

काय सांगू तुम्हाला! इतक्या महिन्यांत हे मला कुणी विचारलंच नव्हतं. मीसुद्धा नाही. माझ्या तोंडून “पाहिजे” असं बाहेर पडलं ते इतक्या मोठ्यानं की ओढ्यापलीकडचा बगळा उडाला.

“मग जा घरी. आईला आनि भावाला सांग, सही देनार न्हाई. सांगितलंस तर मी उद्या पहिल्या यष्टीला येती. न्हाई सांगितलंस तर न्हाई येनार.”

“पण मी सांगितलं का नाही, ते तुला कसं कळणार?”

“तुज्या आईचा आवाज हाय की,” आत्या म्हणाली. “हितपतोर येतोय.”

घरी दिलीप पुण्याहून येऊन बसला होता. शुक्रवारी कोर्टात सही लागली तर असावं म्हणून रजा काढून आलेला. आई चुलीपुढं. मी उंबऱ्यातच उभी राहिले, कारण आत गेले असते तर धीर सुटला असता.

“जामीनदार मिळाला,” मी म्हटलं. “आणि मी हक्कसोडीवर सही करणार नाही. पाळणा मला पाहिजे. विकायचा नाही, मी चालवणार.”

आत्याचा अंदाज चुकला नाही. आई अशी ओरडली की शेजारच्या कुत्र्यानं भुंकायला सुरुवात केली. “कोन हाय जामीनदार? कोन हाय? त्या रांडंनं शिकवलं तुला! अंजिरीनं शिकवलं! भावाचा घास काढनार तू? सख्ख्या भावाचा?”

“घास कसा गं? त्याचा वाटा त्याला देणारच आहे. कोर्टात लिहूनच देणार आहे तसं!”

“लोक तोंडात श्यान घालतील!”

“घालू देत. लोकांच्या उताऱ्यावर मेलेले आजोबा आहेत, आधी त्यांना बाहेर काढा म्हणावं!”

दिलीप डोकं धरून बसला होता. मनानं वाईट नव्हता हो तो. फक्त सगळं आपलं असतं, एवढंच लहानपणापासून ऐकत आलेला. म्हणाला, “अक्का, पण मी बिल्डरला शब्द दिलाय गं.”

“मग बँकेतली ठेव आहे. माझ्या वाट्याची ठेव तू घे, तुझ्या वाट्याचा पाळणा मला दे. आईचा वाटा आईचा. मुतालिकांसमोर हिशेब करू. कमी पडलं तर यात्रांच्या कमाईतून मी भरून देते. चालेल?”

तो माझ्याकडं बघतच राहिला. मी त्याच्याशी असं कधी बोललेच नव्हते. “चालवशील तू? एकटी?”

“आबा शेवटची दोन वर्षं नुसते खुर्चीवर बसून असायचे, दिल्या. पाळणा कोण चालवत होतं?”

आईनं भांडी आपटली.

शुक्रवारी सकाळी मी आणि दिलीप स्टँडवर गेलो. आई आली नाही. घरातून निघताना मात्र तिनं माझ्या हातात फडकं कोंबलं. “भाकरी हायत. तिगांच्या.” आणि पाठ फिरवून म्हणाली, “उपाशीपोटी सही करू नगं म्हनावं तिला.”

मी स्टँडवर पोचते तर काय! वडाच्या पारावर अंजिराआत्या बसलेली. अंगावर हिरवीगार साडी, घड्या मोडलेल्या दिसत होत्या, ट्रंकेचा वास येत होता. तीच साडी हो! हक्कसोडीची!

“बगत काय बसलीस? कोर्टात जायचं तर कोर्टाचीच साडी नेसाय पायजे.” मग जरा खाली वाकून म्हणाली, “आईकलं मी सगळं. कुत्र्यासकट.”

यष्टी उशिरा आली. घाटाखाली आणखी थांबली, कुणाच्या तरी शेळ्या चढवायला. माझा जीव वर-खाली. आत्या मात्र खिडकीतून बाहेर बघत निवांत भाकरी खात होती. पहिला घास मोडून बराच वेळ तिनं नुसता हातात धरला होता, तेवढंच.

कोर्टात मुतालिक वकील फाटकापाशी आमची वाट बघत उभे. “पळा! साहेब उठायच्या बेतात आहेत!” आम्ही पळालो. आत्या साडीचा काष्टा खोचून सगळ्यांच्या पुढं.

साहेबांनी सातबारा बघितला, एकदा उलटा, एकदा सुलटा. मग चष्म्यावरून आत्याकडं.

“बाई, कागद उत्तम आहे. पण तुम्हाला हे समजलंय का? ह्या मुलीनं हिशेब दिला नाही, कुणाचा वाटा बुडवला, तर तुमच्या जमिनीवर येईल.”

“समजलंय सायेब.”

“कुणाच्या दबावाखाली येताय का?”

“सायेब, मला दाबनारं मानूस अजून गावात जलमलं न्हाई.” मागं कुणीतरी हसलं. आत्या हसली नाही. “ह्या पोरीची आई, हिचा भाऊ आनि ही, तिगांचा वाटा तिगांना मिळंल. त्याला मी जामीन. हिचा हिला मिळंल, त्याला बी मीच जामीन.”

मुतालिक वकील हळूच तिच्या कानात म्हणाले, “ती नंतर स्वतःहून सोडू शकते हो, बाई. कायद्यानं सोडता येतं.”

“कायद्यानं सोडंल,” आत्या म्हणाली. “माज्याकडं न्हाई सोडायची.”

साहेबांनी ऐकलं का नाही, कुणास ठाऊक. पण सही करताना त्यांच्या ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी हललं. शिक्का पडला, धाड्‌दिशी! त्या आवाजानं माझ्या अंगावर शहारा आला. दुपारी आम्ही कारखान्यात होतो, दिवस मावळायला पाळण्याचे आरे ट्रकमध्ये, आणि ट्रकच्या टपावर मी आणि दिलीप ओरडत, गाणी म्हणत घाट उतरत होतो. आत्या पुढं ड्रायव्हरशेजारी. तिनं म्हणे त्याला सगळा रस्ता गाडी हळू चालवायला लावली. “माजं रान हाय त्या ट्रकात,” असं सांगून.

यात्रेच्या दिवशी पाळणा उभा राहिला. देवळाच्या कळसाच्या वर एक डबा जात होता. सगळा गाव जमला होता, पण चढत कुणी नव्हतं.

ती आमच्या धंद्यातली रीत आहे. पाळणा उभा राहिला की पहिला फेरा घरच्या माणसाचा. ज्यानं पाळणा उभा केला, त्याच्या घरचं माणूस आधी बसतं. लोकांना दिसायला हवं की ह्यांचा स्वतःचा जीव त्यात आहे, तरच ते आपली पोरं देतात. आबा असताना पहिल्या फेऱ्याला मी बसायची. आता इंजिनावर मी. दिलीपला उंचीची भीती, तो आधीच पांढराफटक. आई देवळाच्या पायरीवर पदर घट्ट धरून उभी. महिपतीकाका गर्दीला ऐकू जाईल असं म्हणाले, “पोरीनं बसवलेला पाळना. कोन चढंल?”

गर्दी बाजूला झाली. हिरवी साडी. अंजिराआत्या इतक्या वर्षांनी देवळाच्या अलीकडून परत न फिरता थेट आत आली. कुणाकडं बघितलं नाही तिनं.

“मी जामीन हाय न्हवं?” असं म्हणून ती डब्यात बसली.

“आत्या, थांब! समोरच्या डब्यात वजन पाहिजे. एका अंगाला माणूस असून चालत नाही.”

सगळे एकमेकांकडं बघायला लागले. एक जण पुढं येईना. आणि मग आई पायरी उतरली. तोंड फुगलेलं, डोळे लाल. आली, समोरच्या डब्यात धपकन बसली, आणि माझ्यावर खेकसली, “बघतीस काय? फिरव!”

दांडा मारला. इंजिन धडधडलं. आत्या वर, आई खाली. आई वर, आत्या खाली. आई डोळे मिटून भैरोबाचा धावा करत होती, आणि आत्या लहान पोरीसारखी किंचाळत होती. आत्या अगदी वर गेली तेव्हा मी वेग कमी केला आणि पाळणा थांबवला.

“शालनऽऽ!” वरून आवाज आला. “माजं रान दिसतंय गं! मिरच्या दिसत्यात!”

खाली पोरांनी टाळ्या वाजवल्या. मी तिला तिथं राहू दिलं. माझे डोळे भरून आले होते, समोरचं काही नीट दिसत नव्हतं.

आत्या उतरली. तिनं कमरेला खोचलेल्या पदराची गाठ सोडली, तिकिटाचे पैसे काढले आणि दिलीपपुढं धरले. दिलीपनं माझ्याकडं बघितलं, मी आईकडं.

आई अजून डब्यातून उतरतच होती. तिथूनच कडाडली, “येडी का काय गं तू, अंजिरे! पहिल्या फेऱ्याला घरच्या मान्साकडनं पैसं घेत्यात व्हय?”

सगळ्या यात्रेनं ऐकलं. आईचा आवाज तसाच आहे.

आत्या पैसे हातात धरून उभी राहिली. मग ती ते परत गाठीत बांधायला लागली, पण गाठ बसेना. आईनं पुढं होऊन तिचा पदर हातात घेतला आणि गाठ मारून दिली.

“मग दुसरा फेरा बी फुकाटच का गं?” आत्यानं विचारलं.

“दुसऱ्याला पैसं पडतील,” आई म्हणाली, आणि तिला हाताला धरून रांगेत नेऊन उभी राहिली.